दुष्काळात घरचं पाणी : एकाच बादलीची तीन कामं

जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एकदा बटण दाबलं की साधारण 10 लिटर पाणी सोडते. पाच माणसांचं घर धरा. प्रत्येकाने दिवसात चार वेळा फ्लश केलं तर 200 लिटर झाले, म्हणजे दारात उभा असलेला तो निळा ड्रम अख्खा. त्यात अजून कुणी घोटभर पाणी प्यायलेलं नाही, भाताला आधण ठेवलेलं नाही, लेकराची अंघोळ झालेली नाही.

पाणी वाचवायचं म्हटलं की आपण दाढी करताना नळ बंद ठेवण्यापासून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. पण ज्या घरात आठ दिवसांआड नळ येतो किंवा टँकरमागे ड्रम लावावे लागतात, तिथे नळ चालू राहण्याचा प्रश्नच नसतो. तिथला प्रश्न वेगळा असतो. ड्रम एक आहे, माणसं पाच आहेत आणि पुढचं पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. हा लेख अशा घरासाठी आहे.

आधी माणसाला किती पाणी लागतं ते पाहू. शहरात माणशी रोज 135 लिटर हे सरकारी नियोजनाचं प्रमाण आहे आणि त्यातला मोठा वाटा संडासच्या फ्लशसाठी धरलेला असतो. जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी 55 लिटर धरले आहेत. टंचाईत टँकर लावताना आपल्याकडे ग्रामीण भागासाठी माणशी 20 लिटरचा हिशेब करतात. 20 लिटर म्हणजे अंघोळीची एक मोठी बादली. पिणं, रांधणं, धुणं, न्हाणं, संडास, सगळं तेवढ्यात बसवायचं.

2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणलं ते आठवत असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून 300 किलोमीटरच्या वर अंतर कापून पहिली 'जलदूत' 12 एप्रिलला लातूरला पोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार होती. भागून पाहिलं तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं. नंतर गाडी 50 वाघिणींची झाली आणि एका खेपेला 25 लाख लिटर येऊ लागलं, तरी माणशी साडेसहा लिटर. बाहेरून पाणी आणण्याला किती मर्यादा असते ते या भागाकारातून दिसतं. म्हणून घरात आलेल्या पाण्याचं काय होतं याला एवढं महत्त्व.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. राज्यातलं बहुतेक पाणी घरात नाही, शेतात वापरलं जातं. कमी पावसाच्या मुलखात ऊस लावायचा का, बोअर किती खोल मारायचे, हे प्रश्न तुमच्या मोरीतून सुटणार नाहीत आणि दुष्काळाचं खापर धुणं-भांडी करणाऱ्या बाईच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. घरातल्या बचतीने धरण भरत नाही. तिने एवढंच होतं की तुमचा ड्रम दोन दिवसांऐवजी तीन-चार दिवस पुरतो. टंचाईत हे 'एवढंच' फार असतं.

आता मुख्य मुद्दा. पाणी एकदा वापरलं म्हणून संपत नाही, ते थोडं मळतं. भाजी धुतलेलं पाणी पिण्यालायक राहिलं नाही, पण फरशीला चालतं. कपड्याचं शेवटचं पाणी अंगावर घेता येणार नाही, पण संडासात ओतायला उत्तम. घरातली कामं उतरंडीसारखी एकाखाली एक रचा. सगळ्यात वर पिणं आणि स्वयंपाक, मग अंघोळ आणि हात-तोंड, मग भांडी आणि कपडे, मग फरशी, सगळ्यात खाली संडास आणि झाडं. पाणी वरून आत घालायचं आणि एकेक पायरी खाली उतरवत न्यायचं. सगळ्यात खालच्या कामाला ताजं पाणी जाता कामा नये. टंचाईतला सगळ्यात मोठा अपव्यय तिथेच होतो, कारण सगळ्यात जास्त पाणी लागणारं काम सगळ्यात घाण पाण्याने भागणारं आहे.

पाच माणसं आणि 200 लिटर यांचा हिशेब मांडून पाहू. पिणं आणि स्वयंपाक माणशी 6 लिटर, म्हणजे 30. अंघोळीला माणशी 15, म्हणजे 75. भांडी 25. कपडे रोजच्या सरासरीने 40. हात धुणं, तोंड धुणं 15. फरशी पुसायला 5. झाले 190. संडासला बादलीने पाणी टाकलं तर माणशी 10 लिटर लागतात, म्हणजे 50, आणि ते या ड्रममध्ये बसत नाहीत. पण कपड्यांचे 40 लिटर वापरून झाल्यावर त्यातले 35 तरी हातात उरतात. भांड्यांच्या शेवटच्या पाण्यातले 15 मिळाले की संडासचे 50 भागले. 200 लिटरच्या ड्रममधून 240 लिटरचं काम झालं आणि वर 10 लिटर शिल्लक राहिले.

कपडे आणि भांडी विसळण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरी बचत तिथे आहे आणि आपली नेहमीची समजूत तिथेच चुकते. आपल्याला वाटतं, भरपूर पाण्यात एकदा चांगलं खळबळून काढलं की साबण जातो. तसं होत नाही. समजा साबणातून काढून पिळलेल्या कपड्यांत 3 लिटर साबणाचं पाणी अडकून आहे. ते 30 लिटरच्या टबात बुडवले तर साबण 33 लिटरमध्ये पसरला. बाहेर काढून पिळले की पुन्हा 3 लिटर कपड्यात राहिले, म्हणजे साबणाचा अकरावा भाग तसाच राहिला. आता तेच कपडे 6 लिटरच्या बादलीत तीन वेळा विसळा, दर वेळी नवं पाणी आणि दर वेळी घट्ट पिळून. पहिल्या पाण्यात साबण एक तृतीयांश उरतो, दुसऱ्यात नववा भाग, तिसऱ्यात सत्ताविसावा. पाणी गेलं 18 लिटर. 30 लिटरपेक्षा 12 लिटर कमी लागलं आणि कपडे दुपटीहून जास्त स्वच्छ निघाले.

या हिशेबाचा जीव पिळण्यात आहे. नीट न पिळता ओलेकच्च कपडे पुढच्या बादलीत टाकले आणि त्यांत 3 ऐवजी 6 लिटर पाणी राहिलं, तर तीन पाण्यांनंतरही साबणाचा आठवा भाग उरतो. म्हणजे सगळी मेहनत वाया. जाड चादरी, जीनच्या पँटी एकट्याने पिळल्या जात नाहीत. दोघांनी दोन टोकं धरून पीळ घालायचा. घरात तरुण मुलगा असेल तर हे काम त्याचं.

तीन बादल्या असतील तर आणखी एक पायरी चढता येते. पहिला घाणा झाला की पहिल्या बादलीतलं पाणी संडासच्या ड्रममध्ये ओता. दुसरीतलं पाणी आता पहिलं होईल, तिसरीतलं दुसरं, आणि ताजं पाणी फक्त शेवटच्या बादलीत. दुसऱ्या घाण्यापासून 18 लिटरच्या जागी 6 लिटर ताजं पाणी लागेल. फिक्या रंगाचे कपडे आधी घ्या, गडद मागून. पावडर निम्मी करा. फेस जास्त म्हणजे मळ जास्त निघतो असं काही नाही, तो फेस घालवायलाच पाणी लागतं. वॉशिंग मशीन असेल तर ती पूर्ण भरल्याशिवाय लावू नका आणि तिची नळी मोरीत न सोडता ड्रममध्ये सोडा.

भांड्यांनाही हाच नियम. वाहत्या नळाखाली भांडी घासणं टंचाईत परवडत नाही. आधी खरकटं काढा, कालवणाचा तवंग कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या. मग थोड्या पाण्यात घासणं आणि दोन घमेल्यांत एकामागोमाग विसळणं. ताटातच हात धुण्याची आपली जुनी सवय इथे कामाला येते, त्याच पाण्यात ताट भिजतं आणि वाळलेलं खरकटं सुटतं. करपलेली, चिकटलेली कढई लगेच घासायला घेऊ नका. हात धुतलेलं पाणी तिच्यात घालून तासभर ठेवा.

संडासच्या बाबतीत, फ्लशचा कॉक बंद करून बादली-मग वापरणं हा सगळ्यात सरळ उपाय. खेड्यातल्या जास्त उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटरही पुरतात, शहरी भांड्याला चार-पाच लागतात. मगाने हळूहळू ओतण्यापेक्षा बादलीतून एकदम जोरात ओतलं तर कमी पाण्यात काम होतं, कारण घाण ढकलण्याचं काम धार करते. घरात म्हातारं माणूस असेल आणि बादली उचलणं जमत नसेल तर टाकी चालू ठेवा, पण तिच्यात लिटरभराच्या एक-दोन बाटल्या पाण्याने भरून, बूच लावून उभ्या करा. दर फ्लशला तेवढं पाणी कमी जाईल. वीट ठेवू नका. ती झिजते आणि तिची रेती व्हॉल्व्हमध्ये अडकून उलट गळती सुरू होते.

अंघोळीचं फार सांगायला नको. शॉवर बंद, बादली अर्धी किंवा पाऊण, आणि मोठ्या टबात किंवा परातीत बसून न्हायलं तर ते पाणीही हाताशी येतं. सोलरचं किंवा गीझरचं पाणी गरम होईपर्यंत जे गार पाणी सोडून देतो ते मात्र आठवणीने धरा. गच्चीवरच्या सोलरपासून नळ लांब असेल तर रोज पाच-दहा लिटर चांगलं पाणी असं जातं, आणि ते उतरंडीच्या अगदी वरच्या पायरीवरचं पाणी असतं.

आता न वापरताच जाणारं पाणी. गळका नळ किती नेतो हे अंदाजाने सांगू नका, मोजा. त्याच्याखाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवा. दहा मिनिटांत भरला तर दिवसाला जवळपास 29 लिटर गेले. टंचाईत टँकरवर जगणाऱ्या माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त! फ्लशची टाकी आतल्या आत गळत असेल तर आवाजही येत नाही. तिच्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कुणी फ्लश करू नका. भांड्यात निळसर पाणी दिसलं तर वॉशर गेला. गच्चीवरच्या टाकीचं तसंच. रात्री झोपताना आत पातळीची खूण करा, सकाळी नळ उघडण्यापूर्वी पाहा.

उन्हाळ्यात उघड्या हौदाचं पाणी ऊन आणि वारा पितात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद हौद असेल तर रोजचे 30 लिटर हवेत गेले. जुना पत्रा किंवा पोत्यांचं आच्छादन टाकलं तरी यातलं बरंचसं वाचतं.

आणि एक सवय जी मला मनापासून खुपते. नळ आला की कालचं 'शिळं' पाणी ओतून देऊन भांडी ताज्या पाण्याने भरणं. आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत नळ सुटायच्या आधी गटारं वाहताना दिसतात ती याच पाण्याने. झाकून ठेवलेलं, हात न बुडवलेलं पाणी दोन-चार दिवसांत खराब होत नाही. पिण्याचं नको वाटत असेल तर एक पायरी खाली उतरवा, त्यात कपडे भिजवा. ओतू नका.

कूलरचा प्रश्न अवघड आहे. 42-43 अंशांत कूलर बंद करा असं म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी सांगणार नाही. पण खोलीतला मध्यम कूलर एका रात्रीत बादली-दीड बादली पाणी पितो, हे हिशेबात धरायला हवं. सगळ्यांनी एका खोलीत झोपावं, एकच कूलर लावावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. कोंडलेल्या खोलीत हवा दमट होते, कूलर गारवा देत नाही आणि पाणी मात्र खात राहतो. आरओ मशीनचंही असंच. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. धरणाचं, नदीचं नळाचं पाणी असेल तर बहुधा त्याची गरजच नसते. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं आहे की लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, असलेल्या पाण्याला आरओ नको. तिथे उकळणं पुरतं. दुष्काळात मात्र बऱ्याच घरांना खोल बोअरचं खारं पाणी वापरावं लागतं आणि उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. तिथे आरओ लागतोच. त्याचं टाकाऊ पाणी फरशीला आणि संडासला वापरा. झाडांना रोज घालू नका, माती खारवते.

झाडांचा विषय निघालाच आहे. पूर्वी न्हाणीचं पाणी मागच्या केळीला, अळवाला, कर्दळीला सोडत, ती रीत आजही चांगली आहे. पण साबणाचं पाणी साठवून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. त्याच दिवशी, मुळाशी, पानांवर न उडवता घाला. ब्लीच किंवा ॲसिड पडलेलं पाणी झाडांना नको आणि कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना साबणाचं कुठलंच पाणी नको.

बचत कुठे करायची नाही हेही तेवढ्याच ठामपणे सांगायला हवं. पिण्यात करायची नाही. टंचाईत घरातल्या बाया आधी स्वतःचं पाणी तोडतात. संडासला जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि त्यांना लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास होतो, उन्हात चक्कर येते. पाळीच्या दिवसांत जास्त पाणी लागतं, ते मागावं लागू नये. संडासहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणं थांबवायचं नाही. हगवणीचा आजार घरात शिरला तर वाचवलेल्याच्या कितीतरी पट पाणी एका आजाऱ्यामागे जातं.

साठवलेल्या पाण्याचा एक धोका दरवर्षी माणसं घेऊन जातो. डेंग्यूचा डास गटारात होत नाही, तो घरातल्या स्वच्छ साठवणीत होतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठ-दहा दिवसांआड नळ येणारं गाव त्याला अगदी सोयीचं. त्यात त्याची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या वरच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. त्यामुळे ड्रम नुसता रिकामा करून उपयोग नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने कडा घासायला हवी. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात तो यासाठी. सगळे ड्रम एका दिवशी रिकामे करणं टंचाईत शक्य नसतं. मग पाळी लावा, आज हा ड्रम, उद्या तो. रिकाम्या होणाऱ्या ड्रममधलं पाणी गाळून दुसऱ्यात घ्या. प्रत्येक ड्रमच्या तोंडावर जुन्या धोतराचं किंवा साडीचं घट्ट विणीचं कापड ताणून सुतळीने बांधा. कूलरची टाकी विसरू नका.

टँकरचं किंवा खोल विहिरीचं गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी हलक्या हाताने गाळून घ्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी चांगली उकळी आणा किंवा बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर (क्लोरिनचं औषध) टाकून अर्धा तास थांबा. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा, टंचाईत ते अनेक ठिकाणी मिळतं. पिण्याच्या भांड्यात पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचं पिंप घ्या.

मेच्या शेवटी एक तयारी करून ठेवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं, इतकं सोपं गणित आहे. दहा फूट बाय दहा फुटांचा पत्रा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. त्यावर 25 मिलिमीटरची एक चांगली सर आली तर उडालेलं-सांडलेलं वजा जाता जवळपास 200 लिटर हाती येतात. हजार-अकराशे चौरस फुटांची गच्ची असेल आणि वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर सगळी तूट धरूनही 60 हजार लिटरच्या पुढे जातं. त्यासाठी पाऊस सुरू होण्याआधी गच्ची झाडून घ्या, पन्हाळीतला पाला काढा, पाइपच्या तोंडाशी जाळी बसवा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी साठवणीत घेऊ नका. त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते, ते झाडांना जाऊ द्या. त्यानंतरचं पाणी ड्रममध्ये कापडातून गाळून घ्या आणि ड्रम भरले की पाइप बोअरकडे वळवा. थेट बोअरच्या केसिंग पाइपमध्ये मात्र सोडू नका. शेजारी वाळू, खडी आणि विटांच्या तुकड्यांचा गाळणखड्डा करून त्यातून जाऊ द्या, नाहीतर गच्चीवरची घाण थेट भूजलात उतरते आणि बोअर गाळाने भरते.